तात्याबा गुळव्याची तपासणी

मळईवाडीत गुऱ्हाळ कुणाचंही असो, गुळव्या तात्याबाच. काहिलीखालचा, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईखालचा जाळ कधी वाढवायचा, रसावरची मळी कधी काढायची आणि पाक कधी उतरवायचा हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो गुळव्या. त्याचा अंदाज जरा चुकला तरी अख्खी काहील करपते, नाहीतर गूळ चिकट होऊन ढेप बसत नाही. तात्याबाचा अंदाज चुकत नसे. पाकाचा थेंब तो गार पाण्यात सोडी, बोटांनी त्याची गोळी करी, जिभेवर ठेवी आणि डोळे मिटून उभा राही. तोवर चुलवाणाभोवतीची माणसं गप्प. मग तो नुसता हात वर करायचा आणि गडी काहिलीच्या कड्यांना भिडायचे. सांगलीच्या बाजारात अडते ढेप फोडून आतला रवा बघायचे आणि म्हणायचे, "हा तात्याबाचा हात."

दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत हे रोजचं. तेवढे महिने तात्याबाच्या जिभेवरनं गूळ हलत नसे.

बाहत्तरचा दुष्काळ सरला, रानं परत ओली झाली, ऊस उभा राहिला, आणि त्याच सुमाराला तात्याबाच्या मनात एक भीती शिरली. नदीपलीकडच्या गावात नाथाजी नावाचा गुळव्या होता. त्याला साखरेचा आजार निघाला. मिरजेला नेईपर्यंत उशीर झाला आणि त्याचा पाय गुडघ्यातनं काढावा लागला. लोक हळहळले, पण बाजाराच्या दिवशी कुणीतरी हसून म्हणालंच, "जन्मभर गूळ चाटला, देवानं वसूल केलं." नाथाजीला पुन्हा कुणी काहिलीजवळ बोलावलं नाही. तात्याबा त्या हसण्यात सामील झाला नाही. पण त्यानंतर पाकाची गोळी जिभेवर ठेवताना त्याला नाथाजीचा पाय आठवायचा. हे तो कुणापाशी बोलला नाही. राहीबाईपाशीसुद्धा नाही.

राहीबाई त्याची बायको. पोरगी तासगावला दिलेली, पोरगा पलटणीत, घरात दोघंच. ती तशी कमी बोलणारी, पण कामाला वाघ. म्हैस, शेणघाण, भाकरी, भांगलण, सगळं तिच्याकडं. घरात गुळाच्या ढेपी असून ती चहातसुद्धा गूळ घालायची नाही. म्हणायची, "मला ह्यो कडूच बरा लागतोय."

त्या हिवाळ्यात लालासाहेब सुभेदारानं गावात तपासणी आणायचं मनावर घेतलं. लालासाहेब पलटणीतनं पेन्शनीत आलेला. मिशा पांढऱ्या झालेल्या, पण आवाज परेडीचाच. एका संध्याकाळी त्यानं मारुतीच्या देवळापुढं गाव गोळा केलं.

"पलटणीत डॉक्टर आमचं काय बघायचा, ठावं हाय? पाय!" तो म्हणाला. "बंदूक नंतर, आदी पाय. जवानाचा पाय गेला म्हंजी जवान गेला. आन् आपुन काय करतो? बैलाला पत्री मारायच्या आदी खूर बघतो. म्हशीची कास दाबून बघतो. माणसाला कोण बघतंय? माणूस आडवा पडला की मग मिरजंची वाट! तसं आता न्हाई चालायचं. मिरजंचं डॉक्टर मगदूम रविवारी आपल्या शाळंत येत्यात. फुकट तपासनार. सकाळी बाप्ये, दुपारून बायका. घरटी माणूस आला पायजे."

"दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग तपासायचं काय वो सुभेदार?" अर्जुना पैलवानानं विचारलं.

"दुखायच्या आदी बघायचं, त्यालाच तपासनी म्हंत्यात, गड्या."

शनिवारी सुभेदार स्वतः पोतं घेऊन दारोदार फिरला. पोत्यात इंजेक्शनच्या रिकाम्या, उकळून धुतलेल्या बाटल्या होत्या. प्रत्येक बाप्याला एकेक बाटली आणि बजावणं, की उद्या न्याहारी झाल्यावर ह्यात लघवी धरून आणायची. बाया पदराआड हसल्या. पोरांनी आरडाओरडा केला. बाटलीवर नाव चिकटवलेलं असल्यामुळं कुणाला 'हरवली' म्हणायची सोय नव्हती.

रविवारी सकाळी तात्याबा गोठ्यामागं गेला आणि रिकामीच बाटली घेऊन परत आला. चुलीपुढं राहीबाई भाकरी थापत होती.

"झालं का वो?"

"हुईना." तो तिच्याजवळ उकिडवा बसला. बाटली बोटांत फिरवत राहिला. मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "राहे, तूच दे की भरून."

"आत्ता गं बया! माजं कशाला?"

"कुणाला कळतंय? नाव माजं आसंल की वर. तू कवा गुळाचा खडा तोंडात टाकत न्हाईस. तुजं चोख आसंल. माजं काय बाय निगालं तर गाव मला नाथाजीच्या वळीत बसवंल. पुना काहिलीजवळ कोण हुबा करंल मला?"

राहीबाईला त्याच्या आवाजातलं भय ऐकू आलं. ती हसायची थांबली. पिठाचे हात झटकून उठली. "सुभेदारांनी वळखलं म्हंजी?"

"सुभेदार काय वास घेनार हाय व्हय?"

ती बाटली घेऊन मागं गेली. तिला वेळ लागला नाही. परत आली तेव्हा बाटली भरलेली होती, आणि ती नेहमीप्रमाणं उजव्या पायाची टाच टेकवत, पुढचा पाय उचलत चालत होती. करंगळीजवळच्या बोटांना चिंधी बांधलेली होती. तात्याबानं बाटली धोतराच्या सोग्यात लपवली आणि शाळेकडं गेला.

शाळेच्या व्हरांड्यात जत्रा भरली होती. एका बाजूला वजनाचा काटा, दुसऱ्या बाजूला नर्सबाई दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब बघत होती. पण गर्दी होती ती मधल्या टेबलाभोवती. तिथं कंपाउंडर स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी धरून बसला होता. नळीत निळंशार औषध. त्यात बाटलीतले थेंब सोडायचे, नळी उकळायची आणि रंग बघायचा. निळा तो निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा होत गेला तर आहे. आणि विटकरी झाला तर पुष्कळ आहे.

"निळा!" कंपाउंडर म्हणाला की आजूबाजूचे म्हणायचे, "पास झाला रं!"

तात्याबाचं नाव आलं. तो पुढं सरकला. नळी तापली. तळातून बुडबुडे वर आले आणि निळ्यात हिरवी झाक शिरली. त्याचा जन्म उकळत्या रंगाकडं बघण्यात गेला होता. पुढं काय होणार ते त्याला दिसत होतं. हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा नारिंगी, आणि मग नळीत भाजल्या विटेचा गढूळ लाल रंग उभा राहिला.

"आरं, तात्याबाचा पाक उतरला की!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळा व्हरांडा हसला.

पहिल्या क्षणी तात्याबा घाबरला, तो स्वतःसाठी. दुसऱ्या क्षणी त्याला आठवलं, की हे पाणी आपलं नाही.

डॉक्टर मगदुमांनी त्याला खुर्चीवर बसवलं. चाळिशी ओलांडलेले, सावळे, शांत गृहस्थ. लोकांच्या हसण्याकडं त्यांनी लक्ष दिलं नाही. "घाबरू नका," ते म्हणाले. "मला काही गोष्टी विचारायच्या आहेत. हल्ली तहान फार लागते का?"

तात्याबा 'न्हाई' म्हणणार होता. पण त्याच्या डोळ्यापुढं राहीबाई आली. रांजणापाशी उभी राहून घटाघटा पाणी पिणारी. तांब्या रिकामा करून पुन्हा बुडवणारी. दसऱ्याच्या आसपास तो तिला म्हणालासुद्धा होता, "आगं, म्हशीवानी काय पितीस पानी?" ती हसली होती. तो विसरून गेला होता.

"लघवीला सारखं जावं लागतं? झोपेतून उठावं लागतं?"

दाराची कडी. त्या कडीच्या वाजण्यानं त्याची झोप मोडायची आणि तो अंथरुणातूनच वैतागायचा. ती कशासाठी उठते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"वजन उतरलंय? अंगावरचे कपडे ढिले होतात?"

दिवाळीला कासारीण दारात बसली होती. राहीबाईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. "वैनी, हात लय बारीक झाला की वो तुमचा," असं कासारीण म्हणाली होती आणि तिनं धाकट्या मापाच्या बांगड्या काढल्या होत्या. तात्याबा तेव्हा तिथंच सोप्यात बसून तंबाखू मळत होता.

डॉक्टरांनी मान वर केली. "पायाला एखादी जखम आहे का? बरेच दिवस न भरलेली?"

चिंधी. उसाचा बुडखा लागला होता तिला, हंगामाच्या सुरुवातीला. हळद-चुना लावून तिनं चिंधी बांधली. जुनी मळली की नवी बांधायची. सकाळी ती टाचेवर चालत होती ते त्यानं पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि बाटली लपवत निघून आला होता.

"बोला की," डॉक्टर म्हणाले.

तात्याबा खुर्चीवरनं उठला.  

"डॉक्टरसायेब, ती बाटली माजी न्हाई. माज्या बायकूची हाय."

 आधी एक हसला, मग सगळेच हसत सुटले. सुभेदाराच्या मिशा थरथरल्या. "तात्याबा! पलटनीत आसतास तर तुला पाठीवर पिट्टूचं वजं बांधून मैदानाला फिरीवला आसता!"

"फिरवा सुभेदार, पायजे तेवडं फिरवा," तात्याबा म्हणाला. "पर आदी डॉक्टरास्नी घराकडं येऊं द्या. तुमी आत्ता जे जे इचारलं ना सायेब, ते समदं तिला हाय. समदं. मला दिसत हुतं आन् मी बघत न्हवतो."

हसणं थांबलं. डॉक्टरांनी विचारलं, "त्या चालत येऊ शकतील का इथवर?"

"पायाला चिंधी बांधलीया."

डॉक्टर उठले. नर्सबाईंना रांग सांभाळायला सांगून त्यांनी बॅग उचलली. "चला, मीच येतो."

तात्याबा, डॉक्टर आणि मागं सुभेदार अशी वरात दारात आलेली बघून राहीबाईच्या हातातला खराटा गळून पडला. तिला वाटलं, चोरी पकडली गेली.

"मी न्हवं वो!" ती दोन्ही हात जोडून म्हणाली. "ह्येनीच सांगितलं मला!"

डॉक्टर हसले. "तुम्हाला पकडायला नाही आलो वहिनी. पाय दाखवा."

तिनं आढेवेढे घेतले. परक्या बाप्याला पाय कसा दाखवायचा? शेवटी तात्याबानंच तिला पायरीवर बसवलं, खाली वाकून चिंधीची गाठ सोडली. चिंधीचे आतले पदर चिकटले होते. पाण्यानं भिजवून सोडवले तेव्हा करंगळीची कड काळी पडलेली दिसली आणि तळव्यापर्यंत सूज. वास आला. सुभेदारानं मान दुसरीकडं वळवली. तात्याबानं नाही वळवली.

"दुखतं का फार?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई वो, कायसुदीक दुखत न्हाई. म्हनून तर मी चालवून घेतलं."

"दुखत नाही हेच वाईट," डॉक्टर म्हणाले. "साखर वाढली की पायाची जाणीव जाते. काटा रुतला तरी कळत नाही. आणखी थोडे दिवस गेले असते तर सगळा पाय गेला असता. आजच मिरजेला चला. माझ्याच गाडीतून."

"आज? आन् म्हशीची धार? आन् ह्यांचं गुऱ्हाळ?" राहीबाई घाबरून तात्याबाकडं बघू लागली. "काहील चढलीया तिकडं. तुमी न्हाई तर पाक कोन बघनार?"

"बघंल कोनबी. न्हाईतर करपंल," तात्याबा म्हणाला.

गुऱ्हाळाचा मालक आप्पासो तोवर मागं येऊन उभा राहिला होता. गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. "काहील उतरवून ठेवतो," तो म्हणाला. "ऊस काय पळून जात न्हाई. जावा तुमी."

शेजारच्या सुलाबाईनं म्हशीचा कासरा कुणी न सांगता हातात घेतला. "राहे, धारंची काळजी करू नगंस. रेडकाला बी मीच बघीन." तिनं राहीबाईचं धुवट लुगडं गाठोड्यात बांधून दिलं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

निघण्याआधी डॉक्टरांनी तात्याबाच्या हातात एक रिकामी बाटली ठेवली. "आता तुमची स्वतःची." तात्याबा निमूट गोठ्यामागं गेला. शाळेत कंपाउंडरनं नळी तापवली. निळा रंग निळाच राहिला. या वेळी 'पास झाला' असं कुणी ओरडलं नाही. ज्या रंगासाठी त्यानं सकाळी एवढी लबाडी केली, त्या रंगाकडं बघून त्याला रडू आलं.

मिरजेच्या दवाखान्यात राहीबाईला डॉक्टरांनी धर्मादाय खाट मिळवून दिली. इंजेक्शनं चालू झाली, रोज पाय धुऊन पट्टी बांधली जाऊ लागली. करंगळी वाचली नाही. ती काढावी लागली. पण सूज उतरली, तळव्याचा रंग परत आला आणि पाय राहिला. ज्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता पायाला धोका नाही," त्या दिवशी तात्याबा वॉर्डाबाहेर गेला आणि भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

परत येऊन तो खाटेजवळ जमिनीवर बसला. "राहे, तू बोलली का न्हाईस गं?"

"काय बोलायचं? तान लागली म्हनून बोंबलायचं व्हय? बाईच्या जातीला काय न काय चालूच आसतंय." ती छताकडं बघत होती. "तुमी जाळापुढं दमून यायचा. तुमाला कुटं सांगू?"

"आन् मी इचारलं न्हाई."

राहीबाईनं मान वळवली. त्याच्या दाढीचे खुंट वाढलेले, डोळे सुजलेले. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांदेखत असा हात ठेवायची तिची ही पहिलीच वेळ. "आता इचारताय की," ती म्हणाली. "लय झालं मला."

वॉर्डातली मोठी सिस्टर कडक होती. घरी सोडायच्या आधी तिनं दोघांना समोर बसवलं. साखर, गूळ, गोडधोड बंद. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ, ताक चालेल. जेवण वेळेवर, पोट मारायचं नाही. गोळी चुकवायची नाही. रोज चालायचं, पण अनवाणी कधीही नाही, शेतातसुद्धा नाही. रोज पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतलं पाणी टिपायचं, तळवे नीट बघायचे.

"सोमवार, गुरुवार आन् एकादशी धरती ती," तात्याबानं सांगितलं. "दिवसभर उपाशी, आन् मग साबुदाना, रताळं."

"सगळे बंद."

"मग देवाला काय सांगू?" राहीबाई काकुळतीला आली.

"सांगा, सिस्टरनं परवानगी दिली नाही," सिस्टर म्हणाली. "काय भांडायचं ते माझ्याशी भांडू दे त्याला."

राहीबाई हसली. पुष्कळ दिवसांनी तिचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं.

गावात आल्यावर तात्याबानं पहिलं काम केलं, चांभाराकडून तिच्या पायाच्या मापाच्या, पुढं रुंद अशा मऊ चपला करून घेतल्या. भांगलायला चपला घालून गेलेली राहीबाई बघून बाया म्हणाल्या, "मडमीन झाली की गं!" राहीबाई लाजली, पण चपला काढल्या नाहीत.

रोज दिवेलागणीला तात्याबा पाणी कोमट करायचा. तिचे पाय पाटावर घेऊन धुवायचा, जुन्या मऊ धोतरानं बोटं टिपायचा आणि कंदील जवळ ओढून तळवे बघायचा. बायकोचे पाय धुणारा नवरा मळईवाडीनं पाहिला नव्हता. अर्जुना पैलवानानं एकदा दारातनं जाताना टोमणा मारला, "काय तात्याबा, कुटली पूजा चाललीया?"

"वड्याला बैल धुतो तवा कोन हसत न्हाई मला," तात्याबा मान वर न करता म्हणाला. "हसायचं आसंल तर हिकडं यिऊन हस, पर कंदील धर जरा."

अर्जुना खरंच आत आला आणि कंदील धरून उभा राहिला. पुन्हा हसला नाही.

डॉक्टरांनी काचेची नळी, चिमटा आणि निळ्या औषधाची बाटली घरी दिली होती. तपासणी घरच्या घरी करायची. ते काम तात्याबानं आपल्याकडं घेतलं. सुरुवातीला रंग पिवळ्यावर जायचा. मग हिरवटावर थांबू लागला. उन्हाळा संपता संपता एका सकाळी नळी उकळून उकळून थंड झाली तरी निळीच राहिली. तात्याबानं ती उन्हात धरून सगळीकडनं पाहिली आणि आरडाओरडा करून सुलाबाईला बोलावलं. सुलाबाई घाबरीघुबरी धावत आली. काय झालंय ते कळल्यावर तिनं कपाळावर हात मारला, पण ती पण बघत उभी राहिली.

तात्याबानंही चहातला गूळ सोडला. राहीबाई म्हणाली, "तुमी कशाला? तुमाला कुटं काय हाय?" तो म्हणाला, "कडूच बरा लागतोय आता." पहिल्या घोटाला त्याचं तोंड वाकडं व्हायचं आणि राहीबाईला त्याची फार गंमत वाटायची.

पुढच्या हिवाळ्यात सुभेदारानं पुन्हा तपासणी ठरवली. त्यासाठी तो मिरजेला डॉक्टरांकडं निघाला तेव्हा तात्याबा त्याच्याबरोबर गेला. डॉक्टरांच्या पुढं तो हात जोडून उभा राहिला. "सायेब, तुमाला काय द्यावं ते कळंना. आमच्या घरात जे हाय ते समदं तुमच्यामुळंच हाय."

"मला खरंच एक गोष्ट हवी आहे," डॉक्टर म्हणाले. "मागच्या वर्षी दुपारची रांग रिकामी गेली. एक बाई फिरकली नाही. यंदा ती रांग भरून दाखवा."

तात्याबानं घरी येऊन हे सांगितलं.  दुसऱ्या दिवशी ती चपला घालून घराबाहेर पडली. जी बाई कुणाच्या उंबऱ्यावर विनाकारण उभी राहायची नाही, ती घरोघर गेली. नदीच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायांपुढं जाऊन बसली. चपलेतनं पाय काढून, जिथं करंगळी नव्हती ती जागा दाखवून म्हणाली, "बायांनो, मला काय दुखत न्हवतं. कायच न्हाई. आपल्याला दुखाय लागंस्तवर आपुन थांबतो, ही आपली खोड हाय. आईतवारी दुपारी चला माज्यासंगं. नर्सबाई हाय, लाजायचं कारन न्हाई."

"माज्या सासूला कोन सांगनार?" चंद्राबाई नावाची एक पोटुशी सून म्हणाली.

"मी सांगते. तिला बी घिऊन जाऊ."

रविवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात बायांची रांग लागली आणि ती पायऱ्या उतरून अंगणातल्या लिंबापर्यंत गेली. म्हातारी दगडाबाई नातवाच्या पाठुंगळी बसून आली होती. गावातल्या बाप्यांवर त्या दिवशी पोरं सांभाळायची पाळी आली. कुणाच्या काखेत रडणारं पोर, कुणाच्या हातात झुनक्याची कढई. सुभेदार रांगेशेजारी काठी घेऊन उभा होता, पण त्याला आवाज चढवायची गरज पडली नाही. चंद्राबाईचा रक्तदाब पुष्कळ वाढलेला निघाला. नर्सबाईनं तिला आणि तिच्या सासूला बाजूला बसवून बाळंतपण मिरजेलाच करायचं हे पक्कं केलं. सासूनं मान हलवली आणि राहीबाईचा हात धरून ठेवला. बराच वेळ सोडला नाही.

रांग संपता संपता दिवस कलला. डॉक्टरांनी मान मोकळी केली, हात धुतले. तात्याबानं त्यांना जेवायला घरी नेलं. राहीबाईनं ज्वारीची भाकरी, चाकवताची भाजी, लसणाची चटणी आणि ताक वाढलं. सुभेदारही पंगतीला होता. डॉक्टर पोटभर जेवले. भाकरी संपल्यावर ताटाकडं बघत ते जरा घुटमळले.

"काय पायजे का सायेब?" राहीबाईनं विचारलं.

"आता कसं मागू?" डॉक्टर हसत म्हणाले. "गुळव्याच्या घरी जेवलो आणि गुळाचा खडा नाही मिळाला, असं मिरजेत सांगितलं तर लोक खोटं समजतील."

सुभेदार एवढ्या मोठ्यानं हसला की गोठ्यातली म्हैस दचकून उठली. तात्याबा धावत आत गेला आणि त्या दिवसाच्या काहिलीतला, अजून कोमट असलेला गूळ बशीत घालून घेऊन आला. डॉक्टरांनी खडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि दुसरा उचलला.

"आता कळलं," ते म्हणाले, "लोक का ऐकत नाहीत माझं."

"तुमी खावा निवांत," राहीबाई म्हणाली. बशी तिनं त्यांच्याकडं आणखी सरकवली, आणि आपल्या वाटीत ताक ओतून घेऊन ती तात्याबाशेजारी जेवायला बसली.